विश्लेषण : काँक्रीट पंप चालवायला परवाना का नको? स्लॅबच्या दिवशी कामगारांचा जीव कशावर अवलंबून असतो?

शहरात कुठेही स्लॅब भरायचा असला की सकाळी आधी पंप येतो, मग ट्रान्झिट मिक्सरची रांग लागते. पूर्वी ज्या कामाला पाट्या वाहणारे पन्नास-साठ मजूर आणि अख्खा दिवस लागायचा, ते काम हा पंप काही तासांत उरकतो. पंप रस्त्यावरून साइटपर्यंत आणणाऱ्या चालकाकडे अवजड वाहनाचा परवाना असणे बंधनकारक आहे. मात्र साइटवर पोहोचल्यावर त्याच वाहनाचा ३६ मीटर लांबीचा बूम कामगारांच्या डोक्यावर उघडण्यासाठी वेगळा परवाना कोणी मागत नाही. आरटीओच्या चाचणीत गाडी चालवता येते का, हे पाहिले जाते. पंप चालवता येतो का, हे पाहणारी सक्तीची चाचणी नाही. ही पोकळी किती गंभीर आहे आणि ती कशी भरता येईल?

काँक्रीट पंप काम कसा करतो?

पंपाच्या मागच्या बाजूला एक मोठे पात्र असते, त्याला हॉपर म्हणतात. मिक्सरमधले काँक्रीट त्यात ओतले जाते. हॉपरच्या मागे दोन सिलिंडर असतात. एक सिलिंडर काँक्रीट ओढून घेतो तेव्हा दुसरा पुढे ढकलतो. दोघांमध्ये अदलाबदल करण्यासाठी हॉपरच्या आत इंग्रजी ‘एस’ अक्षराच्या आकाराची एक जाड नळी क्षणार्धात इकडून तिकडे सरकते. पुढे १२५ मिलिमीटर व्यासाच्या पोलादी पाइपमधून काँक्रीट जाते आणि शेवटी रबरी नळीतून स्लॅबवर पडते.

पंप मुख्यतः दोन प्रकारचे असतात. ट्रकवर बसवलेला घडीचा बूम असलेला ‘बूम पंप’ आणि जमिनीवर उभा राहून इमारतीला बांधलेल्या पाइपलाइनमधून काँक्रीट वर पाठवणारा ‘स्टेशनरी’ किंवा ‘लाइन पंप’. या यंत्रांचा महाराष्ट्र आणि गोव्याशी थेट संबंध आहे. पुट्झमाइस्टर या मूळच्या जर्मन कंपनीचा कारखाना गोव्यात वेर्णा येथे आहे, तर सॅनी या चिनी कंपनीचा पुण्याजवळ चाकणला. दुबईच्या बुर्ज खलिफाच्या बांधकामात २००८ मध्ये पुट्झमाइस्टरच्या पंपाने काँक्रीट ६०६ मीटर उंचीपर्यंत चढवले होते. यंत्राची ताकद किती असते, याचा अंदाज त्यावरून यावा.

दाब म्हणजे नेमका किती?

मोटारीच्या टायरमध्ये साधारण २.२ बार दाब असतो. काँक्रीटच्या पाइपलाइनमध्ये तो ७० बारपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे टायरच्या तीसपटीहून अधिक. १२५ मिलिमीटरच्या पाइपचे तोंड सुमारे १२३ चौरस सेंटिमीटरचे असते. त्यावर ७० बार दाब म्हणजे जवळपास पावणेनऊ टन जोर. हा जोर पाइपांचे जोड पकडून ठेवणाऱ्या क्लॅम्पवर येतो.

पंप बंद केला म्हणजे धोका संपला, असेही नाही. तीस मजली इमारतीत पाइपलाइन ९० मीटर उंच चढली असेल, तर त्या उभ्या काँक्रीटच्या नुसत्या वजनाने तळाशी सुमारे २१ बार दाब कायम राहतो. म्हणजे इंजिन बंद असतानाही खालच्या जोडावर अडीच टनांहून अधिक जोर असतो. म्हणूनच पंपाजवळ पाइपलाइन बंद करणारा व्हॉल्व्ह असावा लागतो. तो नसताना कोणी खालचा क्लॅम्प उघडला, तर काय होईल हे सांगायला नको.

अपघात कुठे होतात?

धोक्याच्या जागा ठरलेल्या आहेत आणि बहुतेक प्रसंग आधी ओळखता येण्याजोगे आहेत.

नळीचा फटका : हॉपरमधले काँक्रीट कमी झाले की पंप हवा ओढतो. काँक्रीट फारसे दाबले जात नाही, पण हवा दाबली जाते. ती पाइपमध्ये अडकते, स्प्रिंगसारखी आवळते आणि वाट मिळताच एकदम सुटते. त्या झटक्याने शेवटची रबरी नळी चाबकासारखी फिरते. चार मीटर लांबीच्या भरलेल्या नळीत सुमारे ११८ किलो काँक्रीट असते. हा फटका नळी धरून उभ्या असलेल्या कामगाराला बसतो किंवा त्याला स्लॅबच्या कडेवरून खाली फेकतो. काम सुरू करताना, थांबून पुन्हा सुरू करताना आणि तुंबलेली लाइन मोकळी होताना हा धोका सर्वाधिक असतो. या वेळी नळी जितकी लांब, तितक्या त्रिज्येच्या वर्तुळात कोणीही उभे राहू नये, हा साधा नियम आहे.

तुंबलेली लाइन : लाइन तुंबली की आधी पंप उलटा फिरवून दाब उतरवावा लागतो आणि मगच क्लॅम्प उघडायचा असतो. घाईत हातोड्याने क्लॅम्प उघडला की काँक्रीट, खडी आणि कधी कधी क्लॅम्पसुद्धा गोळीसारखा सुटतो.

जॅक खचणे : बूम उघडण्याआधी ट्रकचे चार पाय, ज्यांना साइटवर जॅक म्हणतात, जमिनीवर टेकवले जातात. ३६ मीटरच्या बूममध्ये नुसते काँक्रीटच एक टनाहून अधिक असते. बूम ज्या बाजूला वळतो, त्या बाजूच्या जॅकवर भार एकवटतो. समजा एका जॅकवर २० टन भार आला आणि त्याची थाळी ४० बाय ४० सेंटिमीटरची असेल, तर जमिनीवर दर चौरस मीटरला १२५ टन भार पडतो. भरावाची माती तो पेलत नाही. त्याच जॅकखाली एक मीटर बाय एक मीटरचा मजबूत पाट ठेवला, तर हा भार २० टनांवर येतो. गाडी उलटणार की उभी राहणार, हे अनेकदा त्या एका लाकडी पाटावर ठरते. पायाच्या खड्ड्याजवळ गाडी उभी करताना खड्डा जितका खोल, किमान तितके अंतर राखावे आणि माती भरावाची असल्यास दुप्पट, असा अनुभवी ऑपरेटरचा हिशेब असतो.

वीजवाहिनी : आपल्या गल्ल्यांमधून ११ आणि २२ किलोव्होल्टच्या तारा इमारतींना खेटून जातात. बूम तारेला प्रत्यक्ष चिकटला नाही, तरी पुरेसा जवळ गेल्यावर वीज उडी मारू शकते. मग ट्रकला टेकलेला, नळी धरलेला किंवा नुसता जवळ उभा असलेला माणूसही तिच्या मार्गात येतो. अमेरिकेत यासाठी किमान २० फूट, म्हणजे सुमारे सहा मीटर अंतर राखण्याचा दंडक आहे.

हॉपरची जाळी : अडकलेला दगड काढण्यासाठी जाळी उचलून हात आत घातला जातो. आतली एस-नळी सरकण्याचा वेग असा असतो, की हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही. इंजिन बंद केल्यावरही अॅक्युम्युलेटरमध्ये हायड्रॉलिक तेलाचा दाब साठलेला असतो. तो उतरवल्याशिवाय नळी एकदा तरी सरकू शकते.

सेंटरिंगवरचा भार : १५ सेंटिमीटर जाडीच्या स्लॅबचे ओले काँक्रीट दर चौरस मीटरला सुमारे ३७५ किलो भार टाकते. नळी एकाच जागी धरून ६० सेंटिमीटरचा ढीग होऊ दिला, तर तोच भार दीड हजार किलोवर जातो. पाट्यांनी हळूहळू भरण्याच्या सवयीने बांधलेले सेंटरिंग पंपाच्या वेगाला पुरे पडेलच असे नाही.

या यादीतली एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. चूक ऑपरेटरची असली, तरी मार बहुतेक वेळा दुसऱ्यालाच बसतो : नळी धरणाऱ्या हेल्परला, खाली टेकू तपासणाऱ्या सुताराला, रस्त्याने जाणाऱ्या माणसाला. वाहनाचा परवाना जसा चालकापेक्षा पादचाऱ्यासाठी असतो, तसेच पंपाचे प्रमाणपत्र ऑपरेटरपेक्षा त्याच्याभोवतीच्या माणसांसाठी आहे.

कायदा काय सांगतो?

बांधकाम कामगारांसाठी १९९६ चा इमारत व इतर बांधकाम कामगार कायदा झाला. त्याखाली १९९८ मध्ये केंद्राचे आणि २००७ मध्ये महाराष्ट्राचे नियम आले. केंद्रीय नियमांत काँक्रीटच्या कामावर स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात पंपाचा स्पष्ट उल्लेख आहे. पाइप पेलणारी परात भरलेल्या पाइपचे आणि तिच्यावरील कामगारांचे वजन सहन करण्याइतकी मजबूत हवी. पाइप शेवटच्या टोकाला आणि प्रत्येक वळणावर पक्का बांधलेला हवा. वरच्या टोकाजवळ हवा सोडणारा व्हॉल्व्ह हवा. पंपाचे काम ठरलेल्या खुणांनुसार चालावे आणि पंपाभोवतीच्या कामगारांनी डोळ्यांना संरक्षक चष्मे लावावेत.

नियम चांगले आहेत. पण ते पाइप, परात आणि चष्म्याबद्दल बोलतात. पंप कोणी चालवावा आणि त्याची परीक्षा कोणी घ्यावी, हा प्रश्न त्यात सुटत नाही. शिवाय हा कायदा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कामांना लागू होणारा. छोट्या बंगल्याच्या स्लॅबवर पंप तोच, दाब तोच, पण माणसे मोजली तर कधी आठ, कधी नऊ.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राने चार कामगार संहिता लागू केल्या. १९९६ चा कायदा त्यातील व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत सामावला गेला आहे. संहिता चौकट देते, तपशील नियमांतून आणि मानकांतून येतो. ऑपरेटरच्या पात्रतेची अट घालण्याची संधी याच टप्प्यावर आहे.

भारतात प्रमाणपत्र मिळतच नाही का?

मिळते. बांधकाम यंत्रांसाठीची इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल काउन्सिल ही संस्था राष्ट्रीय कौशल्य चौकटीत बसणारे अभ्यासक्रम आखते आणि त्यात काँक्रीट पंप ऑपरेटरचाही समावेश आहे. आधीच काम येणाऱ्यांची चाचणी घेऊन त्यांना प्रमाणित करण्याची सोयही प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आहे. यंत्र विकणाऱ्या कंपन्या स्वतःचे प्रशिक्षण देतात.

अडचण अशी की हे सारे ऐच्छिक आहे. मोठ्या मेट्रो किंवा पुलाच्या कंत्राटात प्रमाणित ऑपरेटरची अट असू शकते. बाकी ठिकाणी रूढ वाट वेगळी असते. मुलगा पाइप जोडणारा हेल्पर म्हणून येतो, दोन-तीन वर्षे बघून बघून शिकतो आणि एके दिवशी ऑपरेटर गावी गेला की रिमोट त्याच्या हातात येतो. त्यातले कित्येक जण पुढे उत्तम ऑपरेटर होतात. पण काही धोके असे आहेत, की ते पहिल्यांदा दिसतात तेव्हाच उशीर झालेला असतो. अडकलेल्या हवेचा धडा अनुभवातून शिकायचा, तर त्याची किंमत कोणी तरी मोजावी लागते.

इतर देशांत काय पद्धत आहे?

ऑस्ट्रेलियात काँक्रीटचा बूम चालवणे हे कायद्यानेच ‘अति जोखमीचे काम’ आहे. क्रेनच्या परवान्यांप्रमाणे त्याचा स्वतंत्र वर्ग आहे. किमान वय १८, मान्यताप्राप्त प्रशिक्षण, चाचणी आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरण अशी ही रचना आहे.

ब्रिटनमध्ये बांधकाम यंत्रांच्या चालकांसाठी कार्ड योजना आहेत आणि मोठे कंत्राटदार कार्डाशिवाय साइटवर घेत नाहीत. अमेरिकेत अमेरिकन काँक्रीट पंपिंग असोसिएशन ही व्यवसायाची संघटनाच लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा घेते. तिथे बूम पंप आणि लाइन पंप यांची प्रमाणपत्रे वेगळी असतात, कारण दोन्हींचे धोके वेगळे आहेत. एका देशात सरकारची सक्ती, दुसऱ्यात कंत्राटदाराची अट, तिसऱ्यात व्यवसायाची शिस्त. मार्ग वेगळे आहेत, पण ‘येतं त्याला’ इतक्यावर कोणी थांबलेले नाही.

आपल्याकडे सक्ती का झाली नाही?

पहिले कारण जबाबदारीच्या साखळीत आहे. बिल्डर स्लॅबचे काम ठेकेदाराला देतो. ठेकेदार काँक्रीट आरएमसी कंपनीकडून घेतो. कंपनी पंप भाड्याने आणते आणि ऑपरेटर पंपमालकाचा असतो. नळी धरणारा कामगार मात्र ठेकेदाराच्या मुकादमाचा. काही बिनसले की प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवतो.

दुसरे कारण घड्याळ. तयार काँक्रीट मिक्सरमध्ये भरल्यापासून साधारण दोन तासांत रिकामे व्हावे, अशी भारतीय मानकाची अपेक्षा आहे. लाइन तुंबली की बाहेर मिक्सर खोळंबतात, आत काँक्रीट घट्ट होऊ लागते आणि फोनवर फोन सुरू होतात. दाब उतरवून, माणसे बाजूला करून, मग क्लॅम्प उघडायला दहा मिनिटे लागतात. ती दहा मिनिटे ऑपरेटरला कोणी देत नाही. ‘मी थांबवतो’ असे म्हणण्याचा अधिकार त्याच्याकडे कागदावरही नाही.

तिसरे कारण पैशाचे. प्रशिक्षित ऑपरेटर जास्त पगार मागणार, ही भीती पंपमालकांना असते. ती खरी आहे आणि त्यात गैर काही नाही. पंपाच्या किमतीपुढे हा फरक नगण्य आहे. उलटलेल्या एका बूम पंपाच्या दुरुस्तीत अनेक ऑपरेटरांचे प्रशिक्षण होईल.

परवाना म्हणजे आणखी एक विकत मिळणारा कागद होणार नाही का?

ही शंका रास्त आहे. वाहन परवान्याचा अनुभव सर्वांना आहे. पण त्याचे उत्तर परवाना नको हे नसून परीक्षा कशी हवी, हे आहे.

परीक्षा प्रत्यक्ष यंत्रावर व्हावी. जॅक लावणे, पाट निवडणे, तारेचे अंतर ओळखणे, मुद्दाम तुंबवलेली लाइन दाब उतरवून उघडणे आणि शेवटी पाइप धुणे हे करून दाखवावे लागावे. बूम आणि लाइन पंपाची प्रमाणपत्रे वेगळी असावीत. प्रश्न हिंदी, मराठी, बंगाली, ओडियात तोंडी विचारता यावेत, कारण या व्यवसायातली मोठी संख्या परराज्यांतून आलेल्या, इंग्रजी पुस्तिका न वाचणाऱ्या कामगारांची आहे. चालवलेल्या तासांची नोंदवही असावी आणि ठरावीक वर्षांनी पुन्हा चाचणी व्हावी.

राज्यांना हे नवे नाही. बॉयलर चालवणाऱ्याला परीक्षा देऊन सक्षमतेचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. वायरमनला परवाना लागतो. वाफेच्या दाबाला सरकार घाबरते, विजेला घाबरते. काँक्रीटचा दाब त्याहून सौम्य आहे, असे मानायला काही आधार नाही.

पैसा कुठून येणार?

बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर कामगारांच्या कल्याणासाठी गोळा होतो आणि महाराष्ट्रात त्यासाठी स्वतंत्र मंडळ आहे. भांडी आणि पेट्या वाटण्यावरून या मंडळाच्या योजनांची चर्चा होते. त्याच निधीतून ऑपरेटरची चाचणी, आणि चाचणीच्या दिवसांची बुडालेली मजुरी दिली, तर तो कल्याणाचाच खर्च ठरेल. सक्तीचा भुर्दंड कामगाराच्या खिशातून जाणार असेल, तर प्रमाणपत्राचा बाजार भरायला वेळ लागणार नाही.

आधीपासून काम करणाऱ्यांना एका रात्रीत बेकायदा ठरवणेही चूक होईल. दोन वर्षांची मुदत, अनुभवींसाठी थेट चाचणी आणि सुरुवात बूम पंपांपासून, असा क्रम व्यवहार्य आहे. दहा कामगारांची मर्यादा मात्र पंपाला लागू नसावी. धोका माणसे मोजून येत नाही.

तोवर स्लॅबच्या दिवशी काय पाहावे?

कायदा येईल तेव्हा येईल. साइट इंजिनीअर, सोसायटीचे पदाधिकारी किंवा स्वतःचे घर बांधणारे मालक पंप सुरू होण्याआधी सहा प्रश्न विचारू शकतात.

१. ऑपरेटरने पंपाचे प्रशिक्षण कोठे घेतले? कागद आहे का?

२. चारही जॅक पूर्ण उघडले आहेत का आणि प्रत्येकाखाली रुंद पाट आहे का?

३. बूमच्या कक्षेत वीजवाहिनी आहे का? असल्यास पुरवठा बंद केला आहे का?

४. नळीचे टोक ऑपरेटरला दिसते का? दिसत नसेल, तर खुणा करणारा माणूस किंवा वॉकीटॉकी आहे का?

५. पहिले काँक्रीट येईपर्यंत नळीजवळ कोणी उभे नाही ना? आणि काम संपल्यावर पाइप दाबाच्या हवेने साफ करणार असतील, तर चेंडू अडवणारी जाळी टोकाला लावली आहे का?

६. काम थांबवायचे असेल, तर शेवटचा शब्द कोणाचा?

सहावा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर ‘ऑपरेटरचा’ असे येत नसेल, तर बाकीच्या पाचांना फारसा अर्थ उरत नाही.

पुढे काय?

इमारती उंच होत आहेत, गल्ल्या अरुंदच आहेत आणि पंप आता तालुक्याच्या गावीही पोहोचला आहे. काँक्रीटच्या दर्जासाठी आपण क्यूब भरतो, ते सात आणि अठ्ठावीस दिवसांनी प्रयोगशाळेत फोडून पाहतो आणि अहवाल जपून ठेवतो. ते काँक्रीट वर चढवणाऱ्या माणसाला काम येते की नाही, हे मात्र कोणी तपासत नाही. नव्या संहितेचे नियम आणि मानके ठरत असताना हा एक रकाना त्यात भरला गेला पाहिजे. तो राहून गेला, तर पुढची दुरुस्ती एखाद्या मोठ्या अपघातानंतरच होईल आणि तेव्हा चौकशी समितीचा पहिला प्रश्न हाच असेल : पंप चालवणाऱ्याकडे प्रमाणपत्र होते का?